बिनस्टँडची सायकल

माझ्या आईच्या मरणाचा निरोप मी स्वतः सायकलवर जाऊन दिला. शंभर किलोमीटरच्या वर पायडल मारत गेलो आणि दिला. आई तेव्हा जिवंत होती, आजही आहे, आणि हे वाक्य तिला वाचून दाखवलं तर ती चुलीतलं लाकूड उचलेल. पण घडलं ते असंच घडलं. त्या दिवशी बसलेला हादरा अजून माझ्या अंगातून पुरता उतरलेला नाही.

सांगायचं तर गुडघ्यापासून सांगावं लागेल, कारण गुडघा शाबूत असता तर मी सायकलवर बसलोच नसतो.

मी पळणारा माणूस. सिहोऱ्याला राहतो, शाळेत शिकवतो, आणि वीसेक वर्षं रोज पहाटे पळत आलो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्यावर भेटायची. पहिले दोन किलोमीटर ती माझ्यापुढे, नंतर मी त्यांच्यापुढे. याचा मला जेवढा गर्व होता तेवढा पगाराचाही नव्हता. सायकल चालवणाऱ्यांविषयी माझं मत एका वाक्यात मावणारं होतं: बसून कुठं व्यायाम होतो का? मग उजवा गुडघा कुरकुरायला लागला, नंतर सुजायला लागला, आणि भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, "गादी झिजली. पळणं बंद."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बंद म्हणजे बंद."

घरातलं कोणी गेल्यासारखा मी बसमध्ये बसून परत आलो. चाळिशीपुढच्या माणसाने एवढ्याशा गोष्टीने इतकं खचावं याची लाजही वाटत होती, पण खचलो होतो हे खरं. महिनाभर मी पहाटे उठायचो आणि ओसरीवर नुसता बसून राहायचो. शेवटी डॉक्टरांनीच सुचवलं, की सायकल चालवा, गुडघ्यावर भार येत नाही. नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाने आपली जुनी रेसिंग सायकल विकायला काढली होती. ती मी घेतली.

आईने तिला एक फेरी मारली. बैल बघतात तशी.

"स्टँड कोठी आहे?"

"याले स्टँड नसते."

"कॅरेज?"

"नसते."

"घंटी?"

घंटीही नव्हती.

"मंग घेतली काय तू?" आई म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या सायकलचे बूट वेगळे असतात. तळाला खटका असतो, तो पायडलमध्ये अडकतो. पाय आणि सायकल एक होतात, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. थांबताना पाय बाजूला वळवून सोडवायचा असतो, हे त्याने सांगितलं की नाही आठवत नाही. चालत्या सायकलवरून मी कधी पडलो नाही. थांबलेल्या सायकलवरून चारदा पडलो, त्यात एकदा पानठेल्यासमोर, माझ्याच विद्यार्थ्यांच्या बापांच्या साक्षीने. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आणखी एक अद्दल घडली. पळणारा माणूस दोन तास पाण्याच्या घोटावर काढतो, म्हणून मी सायकलवरही काही न खाता निघालो. तिसऱ्या तासाला, परतीच्या वाटेवर मोहाडीच्या अलीकडे डोळ्यांपुढे काळोखी आली. एका पुलाच्या कठड्यावर बसून सहा केळी खाल्ली आणि तिथेच कळलं की हा खेळ वेगळा आहे. इथे दम पुरतो, पण पोट, बूड, मान आणि धीर एकेक करून संपतात. तरी मला तो आवडला. पळण्यात मी जिल्ह्याचा एक कोपरा वीस वर्षं पुन्हा पुन्हा बघितला होता. सायकलवर अख्खा जिल्हा एका दिवसात मांडीखालून जायचा.

लांबच्या सायकलवाल्यांची पहिली पायरी असते दोनशे किलोमीटरची. साडेतेरा तासांत पुरे करायचे, अर्ध्यावर ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा आणि परत फिरायचं. कोणाची मदत घ्यायची नाही, वेळ घालवायचा नाही. जानेवारीत नागपूरला अशी एक होती. त्याआधी एकट्याने एकदा करून बघावी, असं मी ठरवलं. फोनवरच्या नकाशात सिहोऱ्यापासून शंभराचं माप टाकलं. तुमसर, मोहाडी, भंडारा, लाखनी, पालांदूर असं करत बोट खाली गेलं आणि दिघोरीच्या जवळ थांबलं.

दिघोरीला माझी मावशी राहते. आईची धाकटी, आणि एकुलती बहीण.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? शंभराचं माप दुसऱ्या पाच दिशांनाही निघत होतं. मला मावशीला बघायचं होतं.

आई आणि मावशी अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. दोघी तळ्याकाठच्या, मासे धरणाऱ्या घरातल्या. लहानपणी एकाच जाळ्याची दोन टोकं धरून कमरेइतक्या पाण्यात उतरायच्या. लग्नं होऊन एक जिल्ह्याच्या वरच्या टोकाला आली, दुसरी खालच्या. तरी दर दिवाळीला इकडून वाळलेले झिंगे जायचे आणि तिकडून चपट्या, खारवलेल्या मासळीची पिशवी यायची. मग अकरा वर्षांपूर्वी, एका उन्हाळ्यात, माझे वडील गेले. सगळ्या नातलगांना फोन करायचं काम माझ्याकडे होतं. वीस-बावीस घरं होती. सगळी आली. मावशी मातीला आली नाही.

ती आली पाचव्या दिवशी. आई तिला बघून उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मावशी तासभर अंगणात बसली आणि शेवटच्या बसने परत गेली. तिनेही एक शब्द काढला नाही. आईने त्या रात्री एवढंच म्हटलं, "नवऱ्याच्या मातीले जे आली नाई, ते माही कोणी नाई." ते वाक्य तिने अकरा वर्षं पाळलं. मलाही मावशीचा राग होताच. पण आईने सत्तरी ओलांडली, दोघींनाही साखर, आणि मला अलीकडे एक भीती पोखरत होती, की यांच्यातली एक कोणीतरी न बोलताच निघून जाईल. मग उरलेलीचं काय होईल हे मला बघायचं नव्हतं. माझ्या डोक्यात मोठा बेत काही नव्हता. जाऊन उभं राहायचं, तोंड दाखवायचं, दिघोरीला येऊन गेलो हे आईच्या कानावर घालायचं, आणि काही हललं तर बघायचं.

नोव्हेंबर सरत आला होता. रविवारी पहाटे पाचला निघालो. आईला सांगितलं, "लांब चाललो, संध्याकाळी येतो." तिने मान हलवली. थंडी कानाला झोंबत होती म्हणून तिचाच धुतलेला पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि त्यावर हेल्मेट घातलं. तुमसरपर्यंत बोटं बधिर. भंडाऱ्याला ऊन आलं. लाखनीपर्यंत हायवेवर ट्रकांनी जीव नकोसा केला, आणि तिथून आत वळलो तेव्हा घड्याळाप्रमाणे मी चांगला पुढे होतो.

पुढे रस्त्यावर धान वाळत घातलं होतं. या दिवसांत आमच्याकडे अर्धा डांबरी रस्ता धानाचा असतो आणि अर्धा वाहनांचा, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण एके ठिकाणी समोरून ट्रॅक्टर आला, आणि मोकळी अर्धी बाजू त्याने घेतली. धानावर जोडे ठेवायचे नाहीत हे आमच्या रक्तात आहे. मी उतरलो, बूट काढले, सायकल खांद्यावर घेतली आणि काठाकाठाने अनवाणी गेलो. मग बूट झाडले, घातले, बांधले. पुढच्या गावात पुन्हा तेच. त्यानंतरच्या गावात पुन्हा. दरवेळी दहा-दहा मिनिटं गेली, गुडघ्यात कळ आली, आणि कमावलेला वेळ हातातून जायला लागला. माझी चिडचिड झाली. मी मनाशी ठरवलं, की आता पुन्हा धान लागेपर्यंत बूट काढायचे नाहीत. मावशीकडे उभ्याउभ्या दोन मिनिटं.

हे ठरवलं तिथेच माझं चुकलं.

मावशीचं घर बोडीच्या काठाला. बोडी म्हणजे लहान तळं. अंगणात बांबूंवर जाळं पसरलेलं होतं आणि मावशी त्याचा फाटका भाग मांडीवर घेऊन गाठी मारत होती. साडेदहा वाजून गेले होते. मी अंगणाच्या तोंडाशी उतरलो. सायकल टेकवायला जवळ भिंत नव्हती. जाळ्याच्या बांबूला टेकवली तर जाळं फाटायचं, तुळशीच्या ओट्याला टेकवणं बरं दिसत नव्हतं. म्हणून हातातच धरून उभा राहिलो.

तिने मान वर केली. खूप वर्षांनी बघत होती, पण ओळखायला क्षण लागला नाही.

"सिहोऱ्याचा का गा?"

"हो मावशी."

ती उठली. जाळं मांडीवरून घसरलं. "ये ना. बस."

"बसत नाई. मले लगेच परत जा लागते."

ती आत गेली आणि पाण्याचा गडवा घेऊन आली. माझ्या बाटलीत मीठ-साखर घातलेलं मोजून ठरवलेलं पाणी होतं. मी म्हणालो, "पाणी नोको मावशी." गडवा पुढे धरलेला तसाच राहिला. ती सायकलीकडे बघत होती. मग माझ्या बुटांकडे. मग हेल्मेट काढल्यावर डोक्यावर राहिलेल्या पांढऱ्या दुपट्ट्याकडे. सकाळभराच्या वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी मनगटाने पुसलं.

"बाई कशी आहे?" तिने विचारलं. ती आईला बाई म्हणायची.

या प्रश्नाचं उत्तर मी वाटभर घोळवलं होतं. आई तुझं नाव घेत नाही हे सांगू, की खोटंच सांगू की आठवण काढते? ऐन वेळी दोन्ही सुचेनात. मी खाली बघितलं. मग म्हणालो, "बरी आहे." पाच-सहा तास न बोललेल्या घशातून ते फाटकं, चिरकं बाहेर पडलं.

गडवा तिच्या हातातून सुटला. आणि ती ओरडली.

तशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. ती खाली बसली, दोन्ही हात जमिनीवर आपटले आणि हेल काढून रडायला लागली, "माही बाई गेली वं... माही बाई मले टाकून गेली वं..." शेजारच्या दारांतून बाया धावत आल्या. कोणी तिला धरलं, कोणी तिच्यासोबतच रडायला लागलं. मी मूर्खासारखा सायकल धरून उभा. नेमकं काय झालं हेच मला उमगेना.

मग उमगलं.

आमच्या भागात फोन नव्हते तेव्हा मरणाचा निरोप सायकलवर यायचा. एक माणूस गावोगाव जायचा. तो सायकल हातातून सोडायचा नाही, जोडे काढायचा नाही, त्या घरचं पाणी घ्यायचा नाही, बसायचा नाही. अजून पुढची गावं बाकी असायची. लहानपणी मी असा माणूस आमच्याच अंगणात उभा राहिलेला बघितला होता आणि आजोबा जागीच मटकन बसलेले बघितले होते. आणि असा माणूस कधीही 'गेला' म्हणून सांगायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटेतच काही होऊ नये, म्हणून तो म्हणायचा, "तब्येत जरा नरम आहे, पण बरी आहे. तुमी निघा."

मी ओरडलो, "मावशी, आई बरी आहे! खरंच बरी आहे!"

एका म्हातारीने माझ्याकडे कळवळून बघितलं. "हो बाप्पा," ती म्हणाली, "असंच सांगा लागते."

"अहो काकू, तिले काई नाई झालं!"

"पोरगा सुदीत नाई," दुसरी म्हणाली. "सायकल धरा वं त्याची."

मी जितकं बरी आहे, बरी आहे म्हणत होतो तितकं रडणं वाढत होतं. आपणच बोललेलं खरं वाक्य आपल्या डोळ्यांदेखत खोटं ठरताना बघणं काय असतं ते मला त्या अंगणात कळलं. मी घाबरलो होतो. मावशीचा श्वास अडकत होता. साखरेची बाई, काही झालं असतं तर?

आणि तेवढ्यात तिने ते म्हटलं. रडताना बाया गेलेल्या माणसाशी बोलतात, तशी ती आईशी बोलत होती. "जाळ्याचं टोक सोडून गेली वं बाई... तुह्या घरधन्याच्या मातीले मले कोणी सांगाले नाई आलं वं बाई... तिसऱ्या रोजी बाजारात आयकलं वं मी... आज तरी पोराले पाठोलं वं माही बाई..."

मी सायकल सोडली. ती धाडकन पडली, तिकडे माझं लक्षही गेलं नाही.

कोणी सांगायला आलं नाही. फोनही नाही.

अकरा वर्षांपूर्वीची ती सकाळ माझ्यापुढे जशीच्या तशी उभी राहिली. हातात वहीचा कागद, त्यावर नावं. एकेकाला फोन लावत होतो. मावशीच्या घरचा मोबाइल रेंजबाहेर होता. दुसऱ्यांदा लावला, तेच. तिसऱ्यांदा, तेच. नंतर लावू म्हणून खालच्या नावाकडे गेलो. मग लाकडं आली, ताटी बांधायला माणसं आली, कोणी मला हाक मारली. घरात वडिलांच्या उशाशी आई बसली होती. तिने मान वर करून विचारलं होतं, "लहानीले सांगतलं?"

आणि मी म्हणालो होतो, "हो."

दुसरं काही नाही. एक 'हो'. वेळ मारून नेण्यासाठी म्हटलेला. पुन्हा फोन लावायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं, आणि पुढे माझा माझ्याच 'हो'वर विश्वास बसला. इतका, की मावशी आली नाही म्हणून मीही तिच्यावर रागावलो. अकरा वर्षं. उंटावरून शेळ्या हाकल्या मी, आणि त्यात दोन बहिणी तुडवल्या गेल्या. आई समजत होती की सांगूनही आली नाही. मावशी समजत होती की बाईने आपल्याला कळवण्याच्या लायकीचं धरलं नाही. मधे मी, शिकलेला, घड्याळ लावून पळणारा.

मी फोन काढला, आईला लावला आणि स्पीकर चालू केला. तिने लगेच उचलला.

"हां, बोल. कोठी पोचला?"

मी फोन मावशीच्या दिशेने धरला. तोवर इकडचं रडणं तिच्या कानावर गेलं होतं. ती एकदम म्हणाली, "काय गा, कोण रडून राहिलं? कोण मेलं तिकडे?"

अंगण चिडीचूप झालं. एका बाईचा पदर तोंडाशी तसाच राहिला.

"आई," मी म्हणालो, "तू."

मग आईचा तोच नेहमीचा, चिडका आवाज, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा: "कायले मरू मी? मी तं झिंगे निवडून राहिली!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी हसली. मघाची म्हातारी माझ्यावर तुटून पडली. "सायकल सोडली नाई, जोडे काढले नाई, पाणी घेतलं नाई, बसला नाई. आणखीन काय करा लागते मानसानं? अकलेचा कांदा!" मी हात जोडले. मला हसू येत नव्हतं.

मावशीने माझ्या हातातून फोन घेतला. तिचं नाक वाहत होतं, केस सुटले होते. फोन तिने दोन्ही हातांनी धरला. "बाई," ती म्हणाली. "बाई, मी व्हय."

फोन बंद झाला.

रेंज गेली नव्हती. आईनेच बंद केला होता, हे तिथे सगळ्यांना कळलं. हसणं थांबलं. बाया एकेक करून उठल्या आणि आपापल्या घरी गेल्या. मावशीने फोन पदराने पुसून मला परत दिला. "आवाज तं आयकला," ती म्हणाली. "चिडतेच अजून."

मग तिने मला बूट काढायला लावले, हातपाय धुवायला लावले आणि भात वाढला. बोडीतल्या मासळीचा रस्सा. माझं साडेतेरा तासांचं गणित केव्हाच कोलमडलं होतं. पहिला घास मी ताटातच परत ठेवला. मी ताटावरच तिला सगळं सांगितलं. तीनदा फोन लावला होता, लागला नाही. आईने विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

मावशी पळी हातात धरून ऐकत होती.

"बाईनं इचारलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"माहं नाव घेऊन?"

"लहानीले सांगतलं का म्हून इचारलं."

तिने रस्सा पळीने तळापासून ढवळला. मला वाटलं आता शिव्या देईल, थोबाडीत मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझ्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा घातला. "खा," म्हणाली. "लांब जाचं आहे तुले."

परतीचे शंभर किलोमीटर मला नीट आठवत नाहीत. घड्याळ मी खिशात टाकून दिलं होतं. धान लागलं की उतरायचो, बूट काढायचो, चालायचो, आणि घाई वाटत नव्हती. लाखनीनंतर गुडघा दुखायला लागला तेव्हा मला शिक्षा मिळाल्यासारखं समाधान झालं. घरी पोचेपर्यंत अंधार पडून गेला होता. आई ओसरीवर बसून होती. सकाळच्या फोनबद्दल एक अक्षर नाही. मी पाणीही न घेता तिच्यासमोर उभा राहिलो आणि मावशीला सांगितलं तेच तिला सांगितलं.

"मी तुले इचारलं होतं," आई म्हणाली.

"हो."

"तू हो म्हटलं होतं."

"हो."

ती उठून आत गेली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर सरकवायची आणि तोंड फिरवायची. अकरा वर्षं मावशीने काय सोसलं असेल याची चव मला तीन दिवसांत आली, आणि मी तर आईच्या घरातच होतो. चौथ्या दिवशी ताट सरकवताना ती म्हणाली, "या रविवारी दिघोरीले जा."

"दोघंबी जाऊ ना. गाडी करतो मी."

"मी मंगळवारी जाईन. बसनं. तू रविवारी जा अन् सांगून ये, का बाई येऊन राहिली म्हून."

"आई, मंग फोनच करतो ना मी—"

तिने माझ्याकडे बघितलं.

"जाऊन सांग," ती म्हणाली. "तोंडानं. सायकलनं जाजो."

रविवारी पहाटे पाचला ती माझ्याआधी उठली होती. पांढरा दुपट्टा तिने काढून घेतला आणि वडिलांचा जुना लाल मफलर माझ्या डोक्याला स्वतःच्या हाताने गुंडाळला. झिंग्यांची एक पुडी खिशात कोंबली. मी निघालो. तुमसर, मोहाडी, भंडारा, लाखनी, पालांदूर. गुडघा कुरकुरत होता, त्याला म्हटलं, चूप. धान लागलं तिथे बूट काढून चाललो. वाटभर एकच वाक्य घोळवत होतो आणि ते इतकं साधं होतं, तरी विसरेन की काय असं वाटत होतं.

दिघोरीत शिरलो तसा एका दारातून दुसऱ्या दारात कुजबूज पळाली. बोडीच्या काठाशी मी दिसलो आणि बोलत असलेल्या बाया गप्प झाल्या. मावशी अंगणात होती. जाळ्याची गाठ तिच्या बोटांत अर्धी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडलेला मला लांबून दिसला.

मी सायकल अंगणात सरळ आडवी टाकली. बूट काढले. ओट्यावर जाऊन बसलो, आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणालो, "मावशी, पाणी दे."